तापलेल्या कार्डाची वजाबाकी

‘कार्ड पंच्याऐंशीवर जातंय’ ही तक्रार एप्रिल-मेमध्ये नागपूर, अकोला, चंद्रपूरकडून आली तर ती अर्धीच असते. खोलीत किती अंश होते, हे कळल्याशिवाय पंच्याऐंशीच्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. ग्राफिक्स कार्डाच्या तापमानात खोलीची हवा मिसळलेली असते, कॅबिनेटमध्ये कोंडलेली उष्णता मिसळलेली असते, आणि ते दोन्ही वजा केल्यावर जे उरतं तेवढंच कार्डाचं स्वतःचं. गेमिंगच्या संगणकांवर आपल्याकडे जो पैसा वाया जातो, त्यातला बराचसा ही वजाबाकी न केल्यामुळे जातो, असं माझं म्हणणं आहे. पेस्ट बदलली जाते, जादा पंखे बसवले जातात, शेवटी कंटाळून कार्ड विकलं जातं, आणि दोष असतो टेबलाच्या बंद कप्प्यात.

कार्डातल्या उष्णतेचं ओझं किती वाढलंय ते आधी पाहू. २०१६ साली आलेलं एनव्हिडियाचं जीटीएक्स १०८० कार्ड १८० वॉटचं होतं. २०२० चं आरटीएक्स ३०९० साडेतीनशे वॉटचं, २०२२ चं ४०९० साडेचारशेचं आणि २०२५ च्या जानेवारीत आलेलं ५०९० पाचशे पंच्याहत्तर वॉटचं. नऊ वर्षांत वीज तिपटीहून जास्त झाली. पूर्वी ट्रान्झिस्टर लहान होत गेला तशी त्याची विजेची भूकही त्याच प्रमाणात घटत असे. रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेला हा हिशेब साधारण २००५ नंतर बिघडला, आणि तेव्हापासून जादा वेग म्हणजे जादा वॉट असं समीकरण होऊन बसलं. कार्डात शिरलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. ५०९० ची चिप साडेसात चौरस सेंटिमीटरची. मेमरी आणि वीज-नियंत्रणाचे भाग यांचा वाटा सोडला तरी चिपच्या दर चौरस सेंटिमीटरवर पन्नास-साठ वॉट येतात. स्वयंपाकघरातली दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी पूर्ण जोरात चालवली, तर वीस सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्याच्या बुडाला चौरस सेंटिमीटरमागे साडेसहा वॉट मिळतात. शेगडीच्या आठ-नऊपट दाटीची ही उष्णता, आणि तिथे पाणी उकळायचं असतं तर इथे चिप नव्वदच्या आत ठेवायची असते.

ही उष्णता ठरलेल्या वाटेनं जाते. चिपमधून पेस्टमध्ये, पेस्टमधून तांब्याच्या तळात, तिथून हीटपाइपमधून ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांत, पात्यांवरून पंख्याच्या हवेत, ती हवा कॅबिनेटमध्ये आणि तिथून खोलीत. प्रत्येक टप्प्यावर थोडा अडथळा असतो, आणि अडथळा गुणिले वॉट एवढे अंश त्या टप्प्यावर खर्ची पडतात. चिपचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक या सगळ्या टप्प्यांची बेरीज. एखादा टप्पा बिघडला की तेवढ्याच टप्प्यावरचा फरक फुगतो. बाकीचे होते तसेच राहतात. बेरीज बघून बिघाड कळत नाही, पण टप्प्याटप्प्याचे फरक काढले तर तो कुठे आहे हे बऱ्याचदा कार्डाला हात न लावता सांगता येतं.

पहिली वजाबाकी खोलीची. कार्डांच्या चाचण्या बहुतेक करून वातानुकूलित खोल्यांत, वीस-पंचवीस अंशांत होतात. तिथे बाविसाच्या हवेत बहात्तरवर स्थिरावलेलं कार्ड खोलीपेक्षा पन्नास अंश वर असतं. तेच कार्ड विदर्भातल्या चाळीस अंशांच्या दुपारी, पंख्याचा वेग तेवढाच ठेवला, तर नव्वदवर जाईल. प्रत्यक्षात पंखा जोर वाढवतो आणि आकडा चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीवर अडतो, पण आवाज वाढतो. पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट येते, मात्र त्यासाठी वीज आठपट लागते. म्हणून वरच्या पट्टीत पंखा कितीही ओरडला तरी चार-पाच अंशच हाती लागतात. असं कार्ड निरोगी असतं. त्याचा कूलर उघडून पेस्ट बदलली तर वॉरंटीवर गदा येण्याची शक्यता तेवढी ओढवून घेतली जाते, खोली काही थंड होत नाही. उलट, डिसेंबरातल्या नाशिकच्या अठरा अंशांत जे कार्ड पंच्याहत्तर दाखवतं, त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. ते खोलीपेक्षा सत्तावन्न अंश वर असतं, आणि मे महिन्यात त्याचा प्रश्न उभा राहणारच असतो.

दुसरी वजाबाकी कॅबिनेटची, आणि इथे आपल्या घरांतल्या फर्निचरबद्दल थोडं बोलायला हवं. आपल्याकडच्या ‘कॉम्प्युटर टेबल’मध्ये उजव्या हाताला सीपीयू ठेवायचा एक लाकडी कप्पा असतो. तीन बाजू बंद, मागच्या फळीला केबलसाठी एक भोक, पुढे कधी कधी दारही. हा कप्पा शंभर-दीडशे वॉटच्या ऑफिस संगणकासाठी बनला. त्यात आज साडेचारशे वॉटची यंत्रणा बसवली जाते. हवा दहा अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल तर साडेचारशे वॉट वाहून न्यायला सेकंदाला साधारण सदतीस लिटर हवा लागते, म्हणजे जवळपास दर अर्ध्या सेकंदाला पाण्याचा एक वीस लिटरचा जार भरेल इतकी. केबलच्या भोकातून ती येणार कुठून? मागच्या पंख्यानं फेकलेली गरम हवा कप्प्यातच वळते आणि पुढच्या जाळीतून पुन्हा आत ओढली जाते. कॅबिनेटला किती पंखे आहेत याला मग फारसा अर्थ उरत नाही. आठ पंखे लावले तरी ते तीच हवा घुसळतात. समोर सलग काच असलेल्या, दिव्यांच्या हौशीनं घेतलेल्या कॅबिनेटचंही थोडंफार असंच. काचेच्या कडेला बोटभर फट असते आणि मागे तीन रंगीत पंखे त्या फटीतून श्वास ओढत बसतात.

याची परीक्षा फुकटात होते. गेममधला एकच देखावा वीस मिनिटं चालू ठेवायचा, खोलीचं आणि कार्डाचं तापमान लिहून घ्यायचं. मग कॅबिनेट कप्प्याबाहेर काढून, बाजूचा पत्रा उघडून पुन्हा तेच करायचं. दोन-तीन अंशांचाच फरक पडला तर कॅबिनेट निर्दोष. आठ-दहा अंश उतरले तर कार्डाला हात लावायचं कारणच नाही. यावर कोणी म्हणेल, मग पत्रा कायमचा उघडाच ठेवू. निदानासाठी ठीक, उपाय म्हणून नाही. उघड्या कॅबिनेटमध्ये हवेला ठरलेली दिशा राहत नाही आणि धूळ मोकाट शिरते. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावांत तर हवेतच तंतू असतात. ते पात्यांच्या फटींत शिरत नाहीत, फटींच्या तोंडावर अडकतात. त्यांवर बारीक धूळ बसते आणि पंख्याच्या बरोबर खाली, वरून न दिसणारा, नमद्यासारखा राखाडी थर तयार होतो. वरून फुंकर मारली की कार्ड स्वच्छ दिसतं, आणि थर जागच्या जागी. तो पंख्याच्या बाजूनं नाही, पात्यांच्या उलट बाजूनं हवा मारून सुटतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं. नाहीतर ते झेपत नाही इतक्या वेगानं फिरतं आणि बेअरिंग जातं.

खोली वजा केली, कॅबिनेट वजा केलं, तरी कार्ड वरच राहिलं, तर मग दोष कार्डात. पण इथेही एकटा तापमानाचा आकडा फसवतो. याचं उत्तम उदाहरण एएमडीचं आर नाइन २९० एक्स. २०१३ च्या ऑक्टोबरात आलेलं हे कार्ड कंपनीनं मुद्दाम पंच्याण्णव अंशांवर चालायला बनवलं होतं. तापमान पंच्याण्णवला टेकलं की ते पंख्याची ठरलेली मर्यादा सांभाळून चिपचा वेग कमी करी. त्यामुळे थंड खोलीत आणि गरम खोलीत, स्वच्छ कार्डात आणि धुळीनं भरलेल्या कार्डात आकडा एकच: पंच्याण्णव. बदलायचा तो वेग. १००० मेगाहर्ट्झ जाहिरातीतले, प्रत्यक्षात कूलर कमी पडला की त्याच्या बरेच खाली. आजची सगळीच कार्डं कमीजास्त प्रमाणात असं करतात. एनव्हिडियानं २०१२ साली ६८० या कार्डासोबत वेग आपोआप वरखाली करण्याची पद्धत आणली, तेव्हापासून तापमान हे कार्डानं स्वतः सांभाळून धरलेलं असतं. म्हणून अंशांसोबत तीन गोष्टी पाहिल्याशिवाय निदान पुरं होत नाही: त्या क्षणी किती वॉट जळतायत, पंखा मिनिटाला किती फेरे मारतोय, आणि चिप किती मेगाहर्ट्झवर आहे. जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो हे दोन्ही प्रोग्रॅम फुकट मिळतात आणि हे सगळं एका खिडकीत दाखवतात. कमी भारात पंखे अजिबात फिरत नसले तर घाबरायचं नाही, हेही जाता जाता. साधारण पन्नास-साठ अंशांपर्यंत ते बंदच राहावेत अशीच योजना हल्ली असते.

चिपच्या सरासरी तापमानापासून तिच्यावरच्या सर्वांत गरम बिंदूचं, म्हणजे हॉटस्पॉटचं, अंतर काढणं ही पुढची वजाबाकी. माझ्या मते सगळ्यांत बोलकी हीच. साधारण दहा-पंधरा अंशांचं अंतर नेहमीचं. पंचवीसच्या पुढे गेलं की चिप आणि तांब्याचा तळ यांच्यामधलं काहीतरी बिघडलंय असं समजायला हरकत नाही. बहुधा पेस्ट. चिप तापते-निवते तशी ती किंचित वाकते आणि पातळ पेस्ट दर वेळी थोडी थोडी कडेला ढकलली जाते. मधोमध जागा रिकामी होते आणि तिथे हवा येते. हवेची उष्णता वाहण्याची क्षमता तांब्याच्या पंधरा हजारावा भागही नाही. म्हणूनच हल्ली अनेक जण चाळीस-पंचेचाळीस अंशांवर मऊ होणारी, पण वाहून न जाणारी पातळ चकती पेस्टऐवजी घालतात.

हे अंतर काय काय उघड करू शकतं हे २०२२ च्या डिसेंबरात दिसलं. एएमडीचं ७९०० एक्सटीएक्स हे कार्ड बाजारात आलं आणि थोड्याच दिवसांत काही ग्राहकांच्या लक्षात आलं की चिपचं सरासरी तापमान ठीक आहे, पण हॉटस्पॉट ११० ला टेकतोय, पंखा किंचाळतोय आणि वेग पडतोय. दोन आकड्यांतलं अंतर चाळीसच्या वर. एकशे दहा अंश मर्यादेतच आहेत, असं उत्तर कंपनीकडून सुरुवातीला मिळालं, आणि एकट्या आकड्याकडे पाहिलं तर ते खोटं नव्हतं. एका जर्मन ओव्हरक्लॉकरनं अशी काही कार्डं गोळा करून तपासली. पेस्ट बदलून फरक पडला नाही. पण कार्ड आडव्याऐवजी उभं धरून चालवलं की तापमान उतरत होतं. पेस्टला वर-खाली कळत नाही, पाण्याला कळतं. या कार्डाच्या तळाशी वेपर चेंबर होतं, म्हणजे हवा काढून घेतलेली तांब्याची चपटी डबी, आत थोडंसं पाणी. चिपजवळ पाण्याची वाफ होते, थंड भागात तिचं पुन्हा पाणी होतं आणि आतल्या जाळीतून ते चिपकडे परततं. २०२३ च्या जानेवारीत कंपनीनं मान्य केलं की एका खेपेतल्या डब्यांत पाणी कमी भरलं गेलं होतं, आणि अशी कार्डं बदलून दिली. दोन आकड्यांच्या फरकावरून आणि कार्ड फिरवून बघितल्यावरून हे हाती लागलं. दुकानात नेलं असतं तर पेस्टिंग करून परत मिळालं असतं.

मेमरीची गोष्ट वेगळी. ३०९० कार्डावर मेमरीच्या चोवीस चिपा, त्यातल्या बारा पाठीमागे, जिथे पंखा नाही. चिप पासष्ट-सत्तरवर निवांत आणि मेमरी शंभरच्या पुढे, असं या कार्डात सर्रास दिसे. एकशे दहाला मेमरी स्वतःच वेग कमी करते. २०२१ मध्ये क्रिप्टोच्या खाणकामासाठी ही कार्डं रात्रंदिवस चालवणाऱ्यांनी यावर मऊ थर्मल पॅड बदलण्याचा उपाय रूढ केला. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं खाणकामाची पद्धतच सोडल्यावर ही वापरलेली कार्डं जगभरच्या जुन्या बाजारात आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असं कार्ड घेताना चिपचं तापमान पाहून हुरळून जाऊ नये, मेमरीचं मागून घ्यावं. पॅड बदलण्यातली खोच मात्र जाडीत आहे. एक मिलिमीटरच्या जागी दीड मिलिमीटरचा पॅड घातला तर कूलर त्या पॅडवर टेकतो आणि चिपवर नीट बसतच नाही. मेमरी दहा अंशांनी उतरते, हॉटस्पॉट वीस अंशांनी चढतो, आणि ‘सर्व्हिसिंग केल्यापासून जास्त तापतंय’ ही तक्रार सुरू होते. ती तक्रार खरी असते.

इथवर उष्णता बाहेर कशी जाते ते पाहिलं. ती मुळात किती निर्माण होते याकडे कमी लक्ष जातं. २०१० साली स्टारक्राफ्ट टू हा गेम आला तेव्हा लोकांची कार्डं लढाईत नाही, मेनूच्या साध्या पडद्यावर तापत होती. मेनूत फारसं काही काढायचं नसल्यानं कार्ड सेकंदाला शेकड्यांनी चित्रं काढत बसे. ब्लिझार्डनं सेटिंगच्या फायलीत चित्रांची संख्या बांधून टाकायला सांगितलं. अकरा वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, न्यू वर्ल्ड या गेमच्या चाचणीत काही ३०९० कार्डं मेनूतच निकामी झाली; त्यातल्या एका कंपनीच्या कार्डांत सोल्डरिंगचा दोष निघाला, पण तो दोष उघडा पाडला तो बेलगाम फ्रेमरेटनं. पडदा १४४ हर्ट्झचा असेल तर चारशे चित्रं काढून खोली तापवण्यापलीकडे काही साधत नाही. तसंच विजेचं. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि कंपन्या शेवटचे दोन-चार टक्के वेग मिळवायला व्होल्टेज बरंच वर नेतात. ४०९० ची वीज साडेचारशेवरून सुमारे तीनशेपर्यंत खाली आणली तरी वेग दहा टक्क्यांच्या आतच घटतो, हे स्वतंत्र चाचण्यांत दिसलेलं आहे. ‘पैसे पूर्ण मोजले, मग पॉवर लिमिट का कमी करू?’ असा आक्षेप यावर हमखास येतो. तो गाझियाबादच्या किंवा जळगावच्या मे महिन्यात टिकत नाही. कार्ड तापून वेग आपोआप पाडणारच आहे. फक्त ते धडपडत, फ्रेम अडकवत पाडेल. आपण आधीच कमी केलेली वीज सलग वेग देते. शिवाय बंद खोलीत दीड टनाचा एसी साधारण सव्वापाच किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. सहाशे वॉटचा संगणक त्यातला दहावा हिस्सा एकटा खातो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कारण काहीही असो, तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं, मग आकडाच खाली आणलेला काय वाईट? हा ठोकताळा मुख्यतः द्रव भरलेल्या कपॅसिटरांसाठीचा. चिपला तो जसाच्या तसा लावता येत नाही. चिपच्या जोडांना स्थिर तापमानापेक्षा वारंवार तापणं-निवणं जास्त बाधतं. २००८ च्या जुलैत एनव्हिडियानं लॅपटॉपमधल्या काही चिपा निकामी होत असल्याबद्दल पंधरा ते वीस कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. दोष चिप आणि तिचा पाट, म्हणजे ती ज्यावर बसवलेली असते ती पट्टी, यांच्यामधल्या पदार्थात होता, आणि तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत तो बाहेर पडला. मेलेल्या कार्डाला ‘हीट मारून’ जिवंत करणं आपल्या दुरुस्तीच्या दुकानांतून अजून चालतं, ते याच जोडांच्या भरवशावर. गरम हवेनं तडा गेलेला जोड तात्पुरता टेकतो, पडद्यावर चित्र येतं, गिऱ्हाईक पैसे देतं. काही आठवड्यांत तोच जोड पुन्हा सुटतो. रिबॉलिंगही, म्हणजे सोल्डरचे गोळे बदलणंही, बऱ्याचदा चुकीच्या थरावर होतं: गोळे पाटाखालचे बदलले जातात, तडा पाटाच्या वर, चिपच्या बुडाशी असतो.

वजाबाकी जिथे चालत नाही अशी एक जागा आहे. ४०९० वरचा बारीक, सोळा पिनांचा वीज-जोड. साडेचारशे वॉट बारा व्होल्टवर म्हणजे साडेसदतीस अँपिअर, सहा पिनांत वाटलेले. २०२२ च्या ऑक्टोबरपासून हे जोड वितळल्याच्या तक्रारी आल्या; नोव्हेंबरात एनव्हिडियानं जगभरात सुमारे पन्नास प्रकरणं असल्याचं आणि जोड पूर्ण आत न बसवणं हे त्यांतलं सामाईक कारण असल्याचं सांगितलं. पुढे जोडाची रचना सुधारण्यात आली. इतका नाजूक जोड एवढ्या विजेला का दिला, हा प्रश्न त्यानं मिटत नाही, असं मला वाटतं. पण वापरणाऱ्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की बहुतेक कार्डांवर या जोडाचं तापमान सांगणारा सेन्सर नसतो. चिप पासष्टवर आणि प्लास्टिक मऊ, असं होऊ शकतं. एसएमपीएस बंद करून, डोळ्यांनी बघून, जोड फट न ठेवता बसलाय का आणि केबल तोंडाशीच मुडपलेली नाही ना, एवढंच करता येतं.

आणि एक वजाबाकी तर कंपनीनंच काढून घेतली. ५०९० आणि त्याच्या भावंडांत एनव्हिडियानं हॉटस्पॉटचा आकडा बाहेरच्या प्रोग्रॅमांना देणं बंद केलं. ७९०० एक्सटीएक्सचा दोष ज्या खिडकीतून दिसला ती खिडकी, पाचशे पंच्याहत्तर वॉटच्या कार्डावर, बंद. गिऱ्हाईक उगाच घाबरतात हे कारण कुणी दिलं तरी मला ते पटणार नाही. पेस्ट सरकलीय की नाही हे कळण्याचा सरळ मार्गच त्यामुळे गेला. आडमार्ग उरतो तो नोंदीचा. कार्ड घरी आलं त्याच आठवड्यात एक ठरलेली चाचणी, पंखा एका ठरलेल्या वेगावर बांधून, वीस मिनिटं चालवायची. खोलीचे अंश, चिपचे अंश, मेमरीचे अंश, वॉट आणि मेगाहर्ट्झ बिलाच्या मागेच लिहून ठेवायचे. वर्षानं पुन्हा तीच चाचणी, तेवढेच वॉट, तेवढेच फेरे. आधी पात्यांतला नमदा काढून घ्यायचा. त्यानंतरही चिप आणि खोली यांच्यातलं अंतर जुन्या नोंदीपेक्षा आठ-दहा अंशांनी वाढलेलं दिसलं आणि मेमरी मात्र होती तिथेच असली, तर बिघाड चिपवरच्या पेस्टमध्ये आहे. बिलावरची वॉरंटीची तारीख बघायची आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलायचा की सर्व्हिस सेंटर गाठायचं ते ठरवायचं.